व्हेरोनातील सहा मृत्यू : ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधील उत्तरदायित्वाचा प्रश्न

१

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नाटकाची लोकमानसातील प्रतिमा दोन प्रेमिकांच्या मृत्यूची आहे. प्रत्यक्ष नाटकात मात्र सहा जणांचा अंत होतो. मर्क्युशिओ आणि टिबॉल्ट भर दुपारी रस्त्यात मारले जातात. पॅरिस थडग्याच्या दाराशी रोमिओच्या तलवारीने मरतो. रोमिओ विष घेतो, ज्युलिएट स्वतःला खंजीर मारून घेते आणि मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने रोमिओच्या आईने प्राण सोडल्याची वार्ता अखेरीस येते. १५९७ साली छापल्या गेलेल्या पहिल्या प्रतीत तर बेनव्होलिओच्याही मृत्यूचा उल्लेख आढळतो. रविवारी सकाळी सुरू झालेली ही कथा गुरुवारच्या पहाटे संपते. अवघ्या चार दिवसांत एका नगरातील तीन प्रतिष्ठित घराण्यांची तरुण पिढी नाहीशी होते.

या मृत्यूंचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न नाटकाइतकाच, किंबहुना नाटकाहूनही जुना आहे. त्याला नियती, वैर, प्रेमिकांचा उतावीळपणा, भिक्षूची अनाठायी चतुराई, आईबापांचा हट्ट अशी अनेक उत्तरे दिली गेली आहेत. त्यांपैकी कोणते उत्तर बरोबर, एवढीच चर्चा करण्यापेक्षा ही उत्तरे कोणत्या काळी, कोणत्या कारणांनी पुढे आली याचा मागोवा घेणे अधिक उद्बोधक ठरते. या कथेच्या प्रत्येक नव्या कथकाने दोषाची वाटणी नव्याने केली आहे आणि त्या वाटणीतून त्या त्या समाजाच्या भयाचे आणि सोयीचे दर्शन घडते.

२

कथेचे पहिले ओळखण्याजोगे रूप १४७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मासुच्चो सालेर्नितानो याच्या कथासंग्रहात सापडते. तेथे नगर सिएना आहे आणि प्रेमिकांची नावे मारिओत्तो व जानोत्सा अशी आहेत. एका भिक्षूला पैसे देऊन दोघे गुप्तपणे विवाह करतात. पुढे मारिओत्तोच्या हातून एका नागरिकाचा वध होतो आणि तो अलेक्झांड्रियाला पळून जातो. निरोप घेऊन निघालेला दूत समुद्रचाच्यांच्या तावडीत सापडतो. परतलेल्या मारिओत्तोला पकडून त्याचा शिरच्छेद केला जातो. येथे दोन घराण्यांचे वैर नाही. प्रियकराला मारतो तो कायदा, आणि तोही त्याने केलेल्या मनुष्यवधाबद्दल. म्हणजे मूळ कथेत उत्तरदायित्वाचा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा नव्हता. गुन्हा घडला, शिक्षा झाली आणि प्रेम त्या शिक्षेत सापडले.

वैर या कथेत आणले ते विचेन्झाच्या लुइजी दा पोर्तो या सैनिक-लेखकाने. १५३० च्या सुमारास व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या कथेत प्रथमच व्हेरोना, रोमिओ, जुलिएत्ता आणि मोंतेक्की-कापेल्लेत्ती ही घराणी एकत्र येतात. ही दोन्ही नावे दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’च्या सहाव्या सर्गात शेजारीशेजारी आलेली आहेत. तथापि तेथे ती इटलीला पोखरणाऱ्या गटबाजीची उदाहरणे म्हणून येतात. त्यांपैकी कापेल्लेत्ती हे क्रेमोनाच्या राजकारणाशी संबंधित मानले जातात. दा पोर्तोने राजकीय गटांना शेजारची घराणी केले. या एका बदलामुळे मृत्यूचे कारण न्यायासनाकडून घराच्या उंबरठ्यावर आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जिरोलामो दल्ला कोर्ते याने व्हेरोनाच्या इतिहासात ही घटना १३०३ साली खरोखरच घडल्याचे नोंदवले. अशा रीतीने कल्पित कथेला इतिहासाचे प्रमाणपत्र मिळाले.

१५५४ मध्ये मात्तेओ बान्देल्लोने ही कथा विस्ताराने सांगितली. १५५९ मध्ये पिएर बोएस्त्युओ याने तिचे फ्रेंच रूपांतर करताना शेवटात महत्त्वाचा फेरफार केला. दा पोर्तो आणि बान्देल्लो यांच्या कथांत नायकाचा प्राण जाण्यापूर्वी नायिका शुद्धीवर येते आणि दोघांचे अखेरचे बोलणे होते. बोएस्त्युओच्या कथेत नायक आधी मरतो आणि मग नायिका जागी होते. काही क्षणांच्या या अंतराने कथेचा नैतिक तोल बदलला. पूर्वी दोघे जाणतेपणी एकमेकांचा निरोप घेत होते. आता नायक चुकीच्या समजुतीत मरू लागला. चूक म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

३

आर्थर ब्रुक याने १५६२ मध्ये बोएस्त्युओवरून सुमारे तीन हजार ओळींचे इंग्रजी काव्य रचले. शेक्सपिअरचा मुख्य आधार हाच. ब्रुकच्या काव्याला जोडलेले वाचकांसाठीचे निवेदन उत्तरदायित्वाच्या दृष्टीने अत्यंत स्पष्ट आहे. अनिर्बंध वासनेला वश होणारे, वडीलधाऱ्यांचा अधिकार व सल्ला झुगारणारे आणि बडबड्या दाया व अंधश्रद्ध भिक्षू यांच्या मसलतीने चालणारे प्रेमिक आपल्या करणीने मृत्यू ओढवून घेतात, असा त्याचा आशय आहे. एलिझाबेथ १५५८ मध्ये गादीवर आल्यानंतर इंग्लंडमध्ये प्रॉटेस्टंट व्यवस्था पुन्हा स्थापन होत होती. अशा वेळी कॅथलिक भिक्षू आणि त्याच्यापुढे होणारे पापनिवेदन यांना दोष देणे लेखकाला सुरक्षित होते आणि वाचकालाही रुचणारे होते.

मात्र निवेदनात सुनावलेला हा निकाल ब्रुकच्या प्रत्यक्ष काव्याला पेलत नाही. काव्यात प्रेमिकांविषयी सहानुभूती आहे, भिक्षूचे वर्णन आदराने केलेले आहे आणि दोष वारंवार दैवाच्या फिरत्या चाकाला दिला आहे. त्याहून लक्षणीय आहे ती काव्याच्या अखेरीस होणारी न्यायनिवाड्याची वाटणी. विवाह लपवल्याबद्दल दाईला हद्दपार केले जाते. आज्ञेप्रमाणे वागला म्हणून रोमिओचा नोकर सुटतो. विष विकणाऱ्या औषधविक्रेत्याला फाशी होते. भिक्षूला मुक्त केले जाते आणि तो व्हेरोनाबाहेर एकांतात राहून पाच वर्षांनी मरतो. ज्या दोन घराण्यांच्या वैराने हे सारे घडले त्यांच्या प्रमुखांना कोणतीही शिक्षा नाही. कायद्याच्या हाती लागतात ती एक पगारी दाई आणि एक दरिद्री दुकानदार. हा निवाडा ब्रुकला खटकलेला दिसत नाही, आणि हीच त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट होय.

४

शेक्सपिअरने १५९५ च्या आसपास हे नाटक लिहिले. त्याने कथानकात केलेले बदल एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांतील बहुतेकांचा रोख उत्तरदायित्वाच्या वाटणीकडे असल्याचे दिसते.

पहिला बदल वयाचा. दा पोर्तो आणि बान्देल्लो यांची नायिका अठरा वर्षांची, ब्रुकची सोळा वर्षांची, तर शेक्सपिअरच्या ज्युलिएटला चौदावे वर्ष पूर्ण व्हायलाही पंधरवड्याहून थोडा अधिक अवधी आहे. वडिलांची अवज्ञा करणारी तरुणी दोषी ठरवता येते. तेरा वर्षांच्या मुलीवर तोच दोष ठेवताना प्रेक्षकाची जीभ अडखळते. दुसरा बदल काळाचा. ब्रुकच्या काव्यात कित्येक महिने चालणारे प्रकरण येथे चार दिवसांत आटोपते. उतावीळपणा हा प्रेमिकांचा दोष म्हणून दाखवला जातो. परंतु या नाटकात उतावीळ कोण नाही? सोमवारी रात्री कॅप्युलेट मुलीला न विचारता गुरुवारचा विवाह ठरवतो आणि मंगळवारी तो आणखी एक दिवस अलीकडे ओढतो. भिक्षूच्या योजनेतील एक संपूर्ण दिवस या निर्णयाने नाहीसा होतो. हाच कॅप्युलेट नाटकाच्या आरंभी पॅरिसला सांगत असतो, की मुलीच्या पसंतीविना आपल्या होकाराला पूर्ण अर्थ नाही.

तिसरा बदल मर्क्युशिओच्या मृत्यूचा. ब्रुकच्या काव्यात मर्क्युशिओ मरत नाही. एका सार्वत्रिक दंगलीत टिबॉल्ट रोमिओवर चालून येतो आणि रोमिओ आत्मसंरक्षणार्थ त्याला मारतो. शेक्सपिअरने येथे मित्राचा मृत्यू घातला, तोही रोमिओ भांडण सोडवण्यासाठी मध्ये पडला असता त्याच्या हाताखालून झालेल्या वाराने. त्यामुळे टिबॉल्टचा वध सूडाचा ठरतो आणि रोमिओ निर्दोष राहत नाही. पुढे पॅरिसचाही वध त्याच्या हातून घडवून नाटककाराने त्याची जबाबदारी वाढवली आहे. प्रेमिकांना निष्पाप बळी म्हणून रंगवणारी लोकप्रिय परंपरा या दोन वधांकडे सोयीस्करपणे दुर्लक्ष करते. फ्रांको झेफिरेल्ली यांच्या १९६८ च्या चित्रपटात तर पॅरिसचा मृत्यू वगळलाच आहे.

चौथा बदल निरोपाचा. ब्रुकच्या काव्यात पत्र घेऊन गेलेला भिक्षू मांतुआपर्यंत पोहोचतो आणि तेथील मठात रोगाच्या संशयाने अडकतो. शेक्सपिअरने त्याला व्हेरोनातच अडकवले. रुग्णांच्या भेटीस गेलेल्या सोबत्याला घेण्यासाठी तो एका घरी जातो आणि नगराचे तपासनीस साथीच्या संशयाने दारे बंद करून टाकतात. १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे दीर्घकाळ बंद होती. बाधित घरे बंद करण्याची सक्ती प्रेक्षकांच्या अनुभवातील होती. त्यामुळे हा प्रसंग त्यांना केवळ दैवयोग वाटला नसावा. नगराच्या रक्षणासाठी केलेला नियम निरपराध्याच्या जिवावर उठतो, ही गोष्ट त्यांनी पाहिलेली होती.

परंतु या प्रसंगामागे आणखी एक तपशील आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. रोमिओ हद्दपार होताना फ्रायर लॉरेन्स त्याला सांगतो, की तुझ्याच नोकराकरवी वेळोवेळी खुशाली कळवीन. प्रत्यक्षात तो पत्र देतो आपल्या पंथबंधूजवळ. नोकर बाल्थाझरला योजनेची काहीच कल्पना नसते. तो ज्युलिएटचा अंत्यविधी पाहतो आणि निष्ठेने धन्याला मृत्यूची बातमी पोहोचवतो. म्हणजे पत्र न पोहोचणे हा अपघात असला, तरी खोटी बातमी पोहोचणे हा केवळ अपघात नव्हता. ज्या वाटेने निरोप जायचा ठरला होता, ती वाट भिक्षूने स्वतःच सोडली होती.

५

नाटकातील सर्वांत विवाद्य व्यक्ती हा भिक्षूच होय. गुप्त विवाह लावताना त्याचा हेतू शुद्ध आहे. या संबंधातून वैर मिटेल अशी त्याला आशा वाटते. तो विवाह वैध होता का, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलते. वधूवरांनी परस्परांना वर्तमानकाळी दिलेली संमती हीच विवाहाला पुरेशी, असे मध्ययुगीन धर्मनियम मानत. मुलीचे किमान वय बारा होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू आणि साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. इंग्लंडला तो निर्णय लागू नव्हता. तेथे गुप्त विवाहांना परिणामकारक आळा बसला तो १७५३ च्या कायद्याने. म्हणजे शेक्सपिअरच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने हा विवाह अनियमित, तरीही बंधनकारक होता. म्हणूनच पॅरिसशी विवाह करण्याचा दाईचा सल्ला ज्युलिएटला केवळ क्रूर वाटत नाही. तो पापाचा सल्ला असतो.

भिक्षूचा दोष विवाह लावण्यात नसून नंतरच्या मौनात आहे. ज्युलिएट विवाहित आहे हे वेळेवर उघड करण्याचे नैतिक सामर्थ्य आणि पद त्याच्याकडे होते. ते त्याने वापरले नाही. त्याऐवजी एका बालिकेला औषध देऊन जिवंतपणी थडग्यात पाठवले. आणि थडग्यात ती जागी झाल्यावर, पहाऱ्याची चाहूल लागताच, तिला प्रेतांजवळ एकटी सोडून तो निघून गेला. ज्या क्षणी केवळ तेथे थांबल्याने एक जीव वाचण्याचा संभव होता, तो क्षण भयाने त्याच्या हातून निसटला.

तरीही सारा दोष भिक्षूच्या माथी मारणे म्हणजे ब्रुकच्या निवेदनाकडे परत जाणे होय. भिक्षूला लपवाछपवी करावी लागली, कारण उघड बोलण्याची जागा त्या नगरात उरलेली नव्हती. मुलीने नकार देताच कॅप्युलेट तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर उपाशी मरू देण्याची भाषा करतो. कॅप्युलेटची पत्नी मांतुआला माणूस पाठवून रोमिओला विष घालण्याचा बेत बोलून दाखवते. राजपुत्र एस्कॅलसच्या तोंडूनच कळते, की पहिल्या प्रवेशातील दंगलीपूर्वीही नगरात तीन दंगली झाल्या होत्या. देहदंडाची धमकी तो नंतर देतो. स्वतःचा आप्त मारला गेल्यावर तो हद्दपारी आणि दंड यांवर येतो. वैराचे मूळ कारण तर नाटकात कोठेच सांगितलेले नाही. दोन प्रतिष्ठितांच्या निरर्थक वैराकडे राजसत्तेने केलेला कानाडोळा हाच या नाटकाचा खरा पूर्वरंग आहे.

६

नियतीचे काय? नाटकाच्या प्रस्तावनागीतात प्रतिकूल ग्रहांचा उल्लेख आहे आणि ‘हे सारे ग्रहांनी घडवले’ असे मानणाऱ्यांचा तोच मुख्य आधार आहे. पण त्याच गीतात आईबापांच्या क्रोधाचाही तितकाच स्पष्ट निर्देश आहे. शिवाय १६२३ च्या एकत्रित आवृत्तीत हे गीत छापलेलेच नाही; तेथे ग्रहांच्या उल्लेखाने नाटकाचा आरंभ होत नाही, नोकरांच्या शिवीगाळीने होतो. नाटकात दैवाचे नाव घेणारी पात्रे ते कधी घेतात हेही पाहण्यासारखे आहे. टिबॉल्टला मारल्यानंतर रोमिओला आपण दैवाच्या हातचे खेळणे असल्याचे जाणवते. थडग्यात सारे बिघडल्यावर भिक्षूला आपल्याहून मोठी शक्ती आठवते. दैवाची आठवण कृतीनंतर येते.

विसाव्या शतकातील समीक्षेने हे सारे पर्याय पुन्हा हाताळले. एच. बी. चार्लटन यांना १९४८ मध्ये नियती आणि वैर या दोन्ही कारणांचा भार नाटकाला पेलत नाही असे वाटले. फ्रँकलिन डिकी यांनी १९५७ मध्ये प्रेमिकांच्या अनावर आवेगाकडे बोट दाखवले. १९७० च्या दशकात कॉपेलिया कान यांनी वैराकडे पितृसत्तेचा व्यवहार म्हणून पाहिले. पुरुष होण्यासाठी तलवार उपसणे भाग पाडणारी व्यवस्थाच तरुणांना मारते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. दोष देवाकडून व्यक्तीकडे आणि व्यक्तीकडून व्यवस्थेकडे सरकत गेलेला येथे दिसतो.

मराठीत या नाटकाचे रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाले. ‘शशिकला आणि रत्नपाल’ हे रूपांतर करणारे नारायण बापूजी कानिटकर हेच स्त्रीशिक्षणाची टर उडवणाऱ्या ‘तरुणीशिक्षण नाटिके’चेही कर्ते होते. विवाहात मुलीच्या संमतीला किती किंमत द्यावी, यावर महाराष्ट्रात रखमाबाईंच्या खटल्यापासून १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत तीव्र वाद चालू होता. त्याच काळात ज्युलिएटचा नकार मराठी प्रेक्षकापुढे येऊ पाहत होता. शोकांतिकेची चर्चा मराठीत बहुधा ॲरिस्टॉटलच्या ‘प्रमाद’ या संकल्पनेभोवती फिरत राहिली आणि नायकाचा दोष शोधण्याची सवय तिने लावली. या नाटकाला ती सवय पुरत नाही, कारण येथे प्रमाद एकाचा नाही.

७

उत्तरदायित्वाचे मोजमाप करावयाचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतील. कोणाला काय ठाऊक होते, आणि कोणाच्या हाती काय थांबवण्याचे सामर्थ्य होते. औषधविक्रेत्याला काहीच ठाऊक नव्हते आणि उपासमारीपुढे त्याला पर्यायही नव्हता. दाईला विवाह ठाऊक होता. पण मालकापुढे बोलण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी अल्प होते. प्रेमिकांना एकमेकांखेरीज फारसे काही ठाऊक नव्हते. रोमिओच्या हातून घडलेले दोन वध मात्र त्याचेच आहेत. भिक्षूला सर्व ठाऊक होते आणि त्याचे सामर्थ्य मध्यम होते. म्हणून त्याचा दोष मोठा. दोन घराण्यांचे प्रमुख आणि राजपुत्र यांना गुप्त विवाह ठाऊक नव्हता. परंतु वैर ठाऊक होते आणि ते थांबवण्याचे सामर्थ्य केवळ त्यांच्याकडेच होते. ज्ञान अपुरे होते ही सबब त्यांना उपयोगी पडत नाही, कारण ते ज्ञान त्यांच्यापर्यंत न पोहोचण्याचे कारण त्यांचाच धाक होता.

या प्रश्नाला भारतात केवळ वाङ्मयीन मोल नाही. घराण्याच्या प्रतिष्ठेपायी विवाहेच्छू तरुणांचे जीव जाण्याच्या घटना पाहून सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केले, की दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहाचा निर्णय घेतल्यावर कुटुंबाची, जातीची वा कुळाची संमती आवश्यक नाही. त्याच निर्णयात प्रतिबंधक उपायांची जबाबदारी प्रशासन व पोलीस यांच्यावर टाकण्यात आली. म्हणजे घातक वार करणाऱ्यापाशी उत्तरदायित्व संपत नाही. ज्याने धोका दिसत असता कानाडोळा केला, त्याच्यापर्यंत ते पोहोचते.

शेक्सपिअरचा राजपुत्र नेमके हेच कबूल करतो. ब्रुकच्या निवाड्याप्रमाणे तो कोणाला फाशी वा हद्दपारी सुनावत नाही. काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा, एवढेच सांगून थांबतो. पण त्याआधी तो सर्वांना शिक्षा झाल्याचे म्हणतो आणि त्या सर्वांत स्वतःचा समावेश करतो. वैराकडे डोळेझाक केल्यामुळे आपणही दोन आप्त गमावले, असे तो सांगतो. शोकमग्न पिते मात्र एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात आणि त्या वचनातही पुतळ्याच्या मोलाची चढाओढ ऐकू येते. वैर मिटल्याचा आनंद वाटण्याच्या त्या क्षणी औषधविक्रेता आणि दाई यांचे काय होणार, हे नाटक सांगत नाही. पुतळे कोणाचे उभे राहणार हे ठरलेले असते. शिक्षा कोणाला होणार हे ठरायचे असते. ब्रुकने दिलेले उत्तर शेक्सपिअरला ठाऊक होते. ते त्याने रंगभूमीवर आणले नाही.